जोते ठरवण्याआधी: दिव्यांगांच्या संस्थेसाठी सुगम आणि पर्यावरणपूरक इमारत कशी उभारावी

दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थेची इमारत पूर्ण होते, उद्घाटनाची तारीख ठरते आणि मग कोणाच्या तरी लक्षात येते की पाहुण्यांपैकी चौघे व्हीलचेअरवर येणार आहेत. घाईघाईने तीन पायऱ्यांवर सिमेंटचा एक उतार ओतला जातो. तो इतका चढा असतो की मागून दोघांनी ढकलल्याशिवाय खुर्ची वर जात नाही. त्याच इमारतीत पश्चिमेला मोठ्या काचा लावलेल्या असतात, त्यामुळे दुपारी बसवत नाही म्हणून वातानुकूलन यंत्रे घेतली जातात आणि विजेच्या बिलाने संस्था वाकते. हे दोन्ही दोष मी अनेक ठिकाणी एकत्रच पाहिले आहेत, कारण दोन्हींचे मूळ एक आहे. जमिनीची पातळी, जोत्याची (इमारत ज्या चौथऱ्यावर उभी राहते त्याची) उंची, इमारतीचे तोंड आणि खोल्यांची मांडणी ज्या दोन-तीन बैठकांत ठरते, त्या बैठकांत इमारत वापरणारी माणसे नव्हती आणि ऊन-वारा-पाण्याचा विचारही नव्हता. हा लेख महाराष्ट्रातील तालुक्याच्या गावी किंवा मध्यम शहरात एक-दोन मजली इमारत बांधू पाहणाऱ्या संस्थेच्या विश्वस्तांसाठी आणि कार्यकर्त्यांसाठी आहे. बांधकामाचे शिक्षण नसले तरी वास्तुविशारदाला आणि ठेकेदाराला नेमके काय विचारायचे, हे त्यातून कळावे असा प्रयत्न आहे.

आधी माणसे, मग नकाशा

वास्तुविशारद नेमण्यापूर्वी वापरकर्त्यांची एक समिती नेमावी. दिव्यांग व्यक्तींचे हक्क अधिनियम, २०१६ यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार मानले आहेत. त्या सर्वांचे प्रतिनिधी छोट्या संस्थेत मिळणार नाहीत, परंतु व्हीलचेअर वापरणारी, कुबड्या किंवा कॅलिपर (पायाला आधार देणारा पट्ट्यांचा साचा) लावून चालणारी, अंध, अल्पदृष्टी आणि कर्णबधिर अशी प्रत्येकी किमान एक व्यक्ती समितीत असावी. बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या मुलांच्या दोन पालकांनाही घ्यावे. समितीत स्त्रिया निम्म्या असाव्यात, कारण स्वच्छतागृहाबद्दलच्या खऱ्या अडचणी त्याच सांगतात. बैठकांसाठी प्रवासखर्च आणि मानधन अंदाजपत्रकात वेगळे दाखवावे. वास्तुविशारदाला आपण शुल्क देतो आणि ज्यांच्या अनुभवावर आराखडा उभा राहतो त्यांना चहा पाजून परत पाठवतो, हे बरोबर नाही.

व्हीलचेअर वापरणारा आणि कुबडीवर चालणारा यांच्या गरजा एकसारख्या नसतात, हे या समितीत पहिल्याच दिवशी दिसते. खुर्चीला लांबलचक सौम्य उतार सोयीचा वाटतो, तर कुबडीवर चालणाऱ्याला किंवा कृत्रिम पाय लावणाऱ्याला पुष्कळदा चार ठेंगण्या, रुंद पायऱ्याच बऱ्या पडतात. अंध व्यक्तीला काठीने जाणवेल असा कडा हवा असतो, खुर्चीला तोच कडा अडतो. म्हणून मुख्य प्रवेशापाशी उतार आणि पायऱ्या दोन्ही, शेजारीशेजारी आणि एकाच दरवाज्याकडे नेणाऱ्या असाव्यात. उतार मागच्या दाराने काढणे म्हणजे संस्थेच्याच सभासदाला मागच्या दाराने बोलावणे होय.

नकाशा सर्वांना वाचता आला पाहिजे. अंध सदस्यांसाठी पुठ्ठ्यावर जाड दोरा चिकटवून भिंती आणि सँडपेपर चिकटवून जिने दाखवता येतात. हे काम शाळेतली मुले एका दुपारी करतात. त्याहूनही उपयोगी पायरी म्हणजे पाया खणण्याआधी जमिनीवर चुन्याने आखणी होते त्या दिवशी समितीला जागेवर बोलावणे. प्रत्यक्ष मापाच्या त्या रेषांमधून खुर्ची फिरवून पाहावी, स्वच्छतागृहाच्या चौकोनात वळवून पाहावी, दाराच्या जागी दोन माणसे उभी करून आत शिरून पाहावे. त्या दिवशी भिंत सहा इंच सरकवायला चुन्याची एक मूठ लागते. वीटकाम झाल्यावर तीच भिंत सरकवायची तर हजारो रुपये आणि ट्रॉलीभर राडारोडा, म्हणजे पैसा आणि पर्यावरण या दोन्हींचे नुकसान.

वापरणाऱ्यांनी स्वतः घडवलेली वास्तू ही आपल्याकडे नवी कल्पना नाही. वरोड्याजवळ बाबा आमटे यांनी १९४९ मध्ये सुरू केलेल्या आनंदवनात कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या लोकांनी विहिरीपासून घरांपर्यंत सारे स्वतःच्या हातांनी उभे केले.

कायदा आणि कागद

वर उल्लेखलेल्या २०१६ च्या अधिनियमाचे कलम ४४ प्रत्येक संस्थाचालकाने वाचावे. सुगमतेच्या नियमांना धरून नसलेल्या इमारतीच्या आराखड्याला परवानगी देऊ नये आणि अशा इमारतीला पूर्णत्वाचा दाखला किंवा वापराची परवानगी देऊ नये, असे ते सांगते. मापांसाठी केंद्र सरकारची २०२१ ची सार्वत्रिक सुगमतेची एकसूत्री मार्गदर्शक तत्त्वे आणि राष्ट्रीय इमारत संहिता, २०१६ हे दोन मुख्य आधार आहेत. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुगमतेचे नियम केवळ शिफारशीच्या स्वरूपाचे ठेवणे मूळ अधिनियमाशी विसंगत ठरवले आणि बंधनकारक नियम करण्याचा आदेश केंद्राला दिला. त्यामुळे ही फक्त मार्गदर्शक तत्त्वे आहेत असे कोणी तांत्रिक सल्लागार म्हणू लागला, तर त्याच्यापुढे हा निकाल ठेवावा. मुंबई वगळता राज्याच्या बहुतेक भागाला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीतही अडथळाविरहित प्रवेश, पर्जन्यजल संधारण आणि सौर ऊर्जा यांच्या तरतुदी आहेत.

जमीन मिळवताना अधिनियमाचे कलम ३७ लक्षात असू द्यावे. निवारा, व्यवसाय, उत्पादन केंद्र अशा कारणांसाठी सवलतीच्या दराने होणाऱ्या जमीनवाटपात लक्षणीय (किमान ४० टक्के) दिव्यांगत्व असलेल्या व्यक्तींसाठी पाच टक्के आरक्षणाची तरतूद त्यात आहे. संस्था सार्वजनिक विश्वस्त संस्था असेल आणि बांधकामासाठी कर्ज काढायचे असेल, तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हा अर्ज शेवटी करू नये, कारण निधीचा पहिला हप्ता येऊनही काम थांबण्याचे ते नेहमीचे कारण आहे. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीतून पैसा अपेक्षित असेल, तर देणगीदाराला हरित मानांकन, म्हणजे इमारत पर्यावरणपूरक असल्याचा दाखला, हवे आहे का, हे आधीच विचारावे. गृह या भारतीय मानांकनाची लहान इमारतींसाठी स्वगृह नावाची वेगळी श्रेणी आहे. माझे मत विचाराल तर मानांकनाचे शुल्क आणि दुसरे सुगम स्वच्छतागृह यांत निवड करायची वेळ आली, तर स्वच्छतागृह घ्यावे.

जागा

अमेरिकेतील बर्कली येथे २०१० मध्ये सुरू झालेला एड रॉबर्ट्स कॅम्पस हा या विषयातला सर्वांत शिकवणारा नमुना आहे. पोलिओमुळे शरीर जखडलेल्या आणि स्वतंत्र जीवनाच्या चळवळीचा पाया घालणाऱ्या एड रॉबर्ट्स यांच्या नावाने उभी राहिलेली ही इमारत अनेक दिव्यांग संस्थांनी मिळून बांधली आहे. आत शिरताच वर चढत जाणारा लाल रंगाचा गोल उतार दिसतो. दोन व्हीलचेअर शेजारून जातील एवढा तो रुंद आहे, आणि छायाचित्रांत नेहमी तोच येतो. मला मात्र त्या इमारतीतला सर्वांत शहाणपणाचा निर्णय जागेचा वाटतो, कारण ती अ‍ॅशबी या रेल्वे स्थानकाला लागून आहे. जो माणूस गाडी चालवू शकत नाही तो तेथे एकटा पोहोचू शकतो, आणि त्यामुळे शेकडो खासगी गाड्यांचे धूर आणि वाहनतळाचे डांबर दोन्ही वाचतात.

आपल्याकडे याचा अर्थ असा की गावाबाहेर आठ किलोमीटरवर देणगीत मिळालेली चार एकर जमीन नाकारण्याचे धैर्य संस्थेने दाखवावे. एसटी स्थानक, रेल्वे स्थानक किंवा शहर बसच्या थांब्यापासून खुर्ची लोटत येता येईल एवढ्या अंतरावरची दहा गुंठे जागा अधिक उपयोगाची आहे. जागा पाहायला जाताना व्हीलचेअर वापरणाऱ्या सदस्याने थांब्यापासून स्वतः यावे, आणि शक्य असेल तर एकदा पावसाळ्यात यावे. रस्त्याची पातळी, गटारावरची फुटलेली झाकणे, चिखल हे सारे त्यातून कळते.

माती तपासून घ्यावी. मराठवाडा, विदर्भ आणि सोलापूरकडच्या काळ्या मातीत एक विशेष धोका असतो. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. इमारतीचा पाया मुरमापर्यंत खोल नेलेला असतो, पण उताराला वेगळा पाया न देता तो भरावावर ओतलेला असतो. दोन वर्षांत उतार खचतो आणि नेमका दरवाज्यापाशी दीड-दोन इंचांचा उभा कडा तयार होतो. पुढची चाके तिथे अडकली की माणूस पुढे फेकला जातो. म्हणून उतारालाही इमारतीइतक्याच खोलीचा पाया द्यावा किंवा काळी माती काढून त्या जागी मुरूम थराथराने दाबून घ्यावा, आणि ही बाब अंदाजपत्रकात स्वतंत्र ओळीत लिहावी.

पातळी आणि जोते

या लेखातला सर्वांत महत्त्वाचा आकडा जोत्याच्या उंचीचा आहे. आपल्याकडे दोन फूट जोते सवयीने धरले जाते, कधी पुराच्या भीतीने तर कधी इमारत उठून दिसावी म्हणून. व्हीलचेअरसाठी चालणारा सर्वांत चढा उतार १:१२ मानला जातो, म्हणजे एक फूट उंचीला बारा फूट लांबी. दोन फूट जोत्याला अशा हिशोबाने २४ फूट उतार लागतो. परंतु १:१२ ही मर्यादा आहे, ते उद्दिष्ट मानू नये. ज्यांचे दंड बळकट नाहीत त्यांना हा चढ एकट्याने जड जातो. १:१५ ने ३० फूट आणि १:२० ने ४० फूट लागतात. शिवाय खाली-वर पाच फूट लांबीचे सपाट टप्पे आणि लांब उतारात मधले विश्रांतीचे टप्पे हवेत. एवढी लांबी छोट्या भूखंडात मावत नाही, मग उतार वळवावा लागतो, जागा खातो आणि भरपूर सिमेंट खातो.

यावरचा उपाय बहुतेक वेळा उताराचा आराखडा सुधारण्यात सापडत नाही. तो अंगणाची पातळी उचलण्यात सापडतो. पायाच्या खोदकामातून निघालेला मुरूम आणि माती बाहेर फेकण्याऐवजी अंगणात पसरून फाटकापासून दरवाज्यापर्यंत अगदी सौम्य चढ दिला, तर वेगळा उतार लागतच नाही. सर्वजण एकाच वाटेने येतात. माती वाहून नेणाऱ्या डंपरच्या फेऱ्या वाचतात आणि कठड्यांचा खर्चही वाचतो. काळी माती मात्र भरावाला वापरू नये, ती बागेसाठी राखावी. भूखंड नैसर्गिक उताराचा असेल तर प्रवेशद्वार वरच्या बाजूला घ्यावे.

पाणी आत येईल अशी शंका गवंडी काढतील, आणि ती रास्त आहे. दरवाज्यावर किमान सहा-सात फुटांचा ओसरीवजा छज्जा घ्यावा आणि दरवाज्याबाहेर आडवी पन्हळ काढून तिच्यावर जाळी बसवावी. जाळीच्या फटी १२ मिलिमीटरपेक्षा मोठ्या नसाव्यात आणि त्या चालण्याच्या दिशेला आडव्या असाव्यात, अन्यथा काठीचे टोक आणि खुर्चीचे पुढचे चाक त्यांत रुतते. उंबरा नसावा. कोणाला श्रद्धेपोटी हवाच असेल तर दगडाची पट्टी फरशीच्या पातळीत बसवून तिची पूजा करता येते, याला हरकत घेणारे गुरुजी मला अजून भेटलेले नाहीत.

जेथे उतार अटळ असेल तेथे दोन्ही बाजूंना दोन उंचींवर, साधारण ७६० आणि ९०० मिलिमीटरवर, हातकठडे घ्यावेत. ते उताराच्या दोन्ही टोकांपलीकडे ३०० मिलिमीटर पुढे यावेत, म्हणजे अंध व्यक्तीच्या हाताला उतार सुरू होण्याआधीच सूचना मिळते. कठड्यासाठी स्टीलचा चकचकीत नळ सर्रास वापरतात, पण विदर्भातल्या मे महिन्यात उघड्यावरचा तो नळ चटका देतो. कुष्ठरोगातून बऱ्या झालेल्या किंवा मज्जारज्जूची इजा झालेल्या ज्या व्यक्तींच्या त्वचेला संवेदना नसते, त्यांना चटका कळतच नाही आणि जखम होऊन बसते. म्हणून उतारावर छप्पर, मांडव किंवा निदान उत्तरेची सावली असावी.

उष्णता

सर्वसाधारण कार्यालयात उकाडा ही गैरसोय असते. दिव्यांगांच्या संस्थेत तो आरोग्याचा प्रश्न असतो. मानेच्या किंवा छातीच्या वरच्या भागात मज्जारज्जूला इजा झालेल्या व्यक्तीला इजेच्या खालच्या भागात पुरेसा घाम येत नाही, त्यामुळे तिचे शरीर तापमान आवरू शकत नाही. ज्यांना स्वतःहून खिडकी उघडता येत नाही, पाणी मागता येत नाही किंवा जागा बदलता येत नाही, त्यांच्यासाठीही तेच. म्हणून इमारत स्वभावतःच थंड असणे हा सुगमतेचा भाग मानावा.

इमारतीची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे लांब भिंती उत्तर आणि दक्षिणेला येतात. दक्षिणेचे ऊन साध्या छज्ज्याने अडते. पश्चिमेचे तिरपे ऊन छज्ज्याला जुमानत नाही, म्हणून त्या बाजूला जिना, भांडार, स्वच्छतागृहे ठेवावीत आणि खिडक्या लहान घ्याव्यात. दक्षिणेला सहा फूट रुंदीची ओसरी घेतली तर ती सावली देते, खोल्यांना जोडणारा सपाट मार्ग होते आणि तिच्यात दोन खुर्च्या सहज एकमेकींना ओलांडतात. वेगळी अंधारी मार्गिका, तिचे दिवे आणि पंखे लागत नाहीत. आपल्या जुन्या वाड्यांना आणि शाळांना हे माहीत होते. फक्त पायऱ्यांचा सोस त्यांतून काढायचा आहे.

छतावर फुटक्या पांढऱ्या फरशीचे तुकडे बसवावेत किंवा उष्णता परावर्तित करणारा रंग द्यावा. भिंतींसाठी चंद्रपूर, कोराडी यांसारख्या औष्णिक केंद्रांच्या परिसरात राखेच्या विटा सहज मिळतात. पोकळी ठेवून रचलेल्या उंदीरसापळा पद्धतीच्या वीटकामात सुमारे पाव हिस्सा विटा वाचतात आणि मधल्या हवेमुळे उष्णता कमी शिरते. येथे एक सावधगिरी हवी. स्वच्छतागृहातल्या आधारदांड्यांवर माणसाचे पूर्ण वजन येते. पोकळ वीटकामात किंवा हवेच्या बारीक पोकळ्या असलेल्या हलक्या एएसी ठोकळ्यांत साध्या खिळ्याने बसवलेली दांडी उखडून येते. त्यामुळे ज्या भिंतींवर दांड्या येणार आहेत त्या भरीव विटांत घ्याव्यात किंवा दांडीच्या उंचीवर काँक्रीटची पट्टी ओतून ठेवावी. पर्यावरणपूरक साहित्याबद्दल उत्साही असलेला वास्तुविशारद आणि सुगमतेचा जाणकार एकत्र बसले नाहीत, तर नेमकी हीच गोष्ट सुटते.

खिडकीची तळपट्टी अडीच फुटांच्या खाली ठेवावी, कारण बसलेल्या माणसाला बाहेरचे झाड दिसले पाहिजे आणि वारा त्याच्या अंगावर आला पाहिजे. खिटी एका हाताने, मूठ न वळवता उघडणारी आणि जमिनीपासून १२०० मिलिमीटरच्या आत असावी. विजेची बटणे आणि प्लग ४०० ते १२०० मिलिमीटर या पट्ट्यात घ्यावेत. वायरमन सवयीने बटणे साडेचार-पाच फुटांवर लावतो, म्हणून भिंतीत पाइप टाकण्याच्या दिवशी कोणीतरी जबाबदार माणूस उभा राहावा.

स्वच्छतागृह

मापे आधी सांगतो. आतली जागा किमान २००० गुणिले २२०० मिलिमीटर, खुर्ची वळण्यासाठी १५०० मिलिमीटर व्यासाचे मोकळे वर्तुळ, दाराची मोकळी रुंदी ९०० मिलिमीटर, दार बाहेर उघडणारे किंवा सरकते आणि कमोडची बैठक ४५० ते ४८० मिलिमीटर उंच. बाजारात नऊशेचे दार म्हणून मिळते त्यात चौकट आणि दाराची फळीही धरलेली असते, प्रत्यक्ष वाट ८०० च्या आसपास उरते, म्हणून मोकळी रुंदी हा शब्द निविदेत लिहावा.

कमोडच्या एका बाजूला भिंत आणि तिच्यावर आडवी दांडी, दुसऱ्या बाजूला खुर्ची लावायला मोकळी जागा आणि वर दुमडणारी दांडी, अशी रचना असते. दोन स्वच्छतागृहे असतील तर एकात मोकळी जागा डावीकडे आणि दुसऱ्यात उजवीकडे ठेवावी. पक्षाघातामुळे एकच बाजू चालणाऱ्या व्यक्तीला ती आपल्या बाजूची निवडता येते, आणि यासाठी एक रुपयाही जास्त पडत नाही.

आपली स्वच्छतागृहे ओली असतात, आणि परदेशी पुस्तकांतले नकाशे हे गृहीत धरत नाहीत. फरशी खरखरीत, पण धुता येईल इतकी असावी. घासलेला कोटा दगड ओला झाला की घसरतो, तो येथे नको. पाणी वाहून जाण्याचा उतार कोपऱ्यातल्या जाळीकडे अगदी हलका द्यावा, कारण जास्त उतारावर कमोडशेजारी उभी केलेली खुर्ची सरकते. धुण्याचा फवारा कमोडवर बसून हाताला येईल अशा जागी, दोन्ही बाजूंना असावा. कॅथेटर (लघवी काढण्याची नळी) वापरणाऱ्यांसाठी एक फळी, एक आकडा, आरसा आणि झाकणाची कचरापेटी या चार स्वस्त वस्तू कोणत्याही नकाशात नसतात, त्या समितीतल्या लोकांनी सांगितल्यावरच सुचतात. मोठ्या वयाच्या, बहुविकलांग मुलांचे कपडे बदलण्यासाठी एका स्वच्छतागृहात सहा फुटांचा पक्का बाक घ्यावा. तो नसला की त्यांच्या आयांना मुलाला फरशीवर झोपवावे लागते. मदतीची दोरी जमिनीपासून वीतभर उंचीपर्यंत लोंबती असावी, कारण मदत लागते तेव्हा माणूस बहुधा खाली पडलेला असतो.

पाणी वाचवण्यासाठी दोन प्रमाणांत पाणी सोडणारी टाकी योग्य आहे, परंतु तिचे बटण मोठे आणि कोपराने दाबता येणारे निवडावे. नळ लांब दांड्याचे घ्यावेत. हात समोर धरल्यावर चालू होणारे नळ पाणी वाचवतात खरे, पण अंध व्यक्तीला ते कोठे आहेत आणि कसे चालू होतात हे कळत नाही आणि वीज गेली की तेही जातात.

प्रकाश, आवाज, वाट

वीज वाचवण्यासाठी हालचाल ओळखून लागणारे दिवे हल्ली सर्वत्र सुचवले जातात. कर्णबधिर व्यक्ती खुणांच्या भाषेत बोलतात तेव्हा प्रकाश हेच त्यांच्या संभाषणाचे माध्यम असते, आणि स्थिर बसून खुणा पाहणाऱ्यांच्या खोलीतला दिवा अचानक गेला तर बोलणे तुटते. असे दिवे भांडार किंवा जिन्यात लावावेत, सभागृहात लावू नयेत. सभागृहात उत्तरेचा पसरट प्रकाश घ्यावा आणि दुभाषी उभा राहतो त्याच्या मागे खिडकी नसावी, म्हणजे चेहरा आणि हात काळवंडत नाहीत. पूर्वी सांगितलेला पांढरा रंग फक्त छतासाठी आहे. अंगणात पांढरी फरशी घातली तर अल्पदृष्टी व्यक्तींचे डोळे दिपतात.

दार आणि भिंत, पायरीची कडा आणि पायरी, बटण आणि त्याची पाटी यांच्या रंगांत स्पष्ट भेद असावा. महागड्या पाट्यांपेक्षा हा फरक अल्पदृष्टी व्यक्तीला अधिक कामाला येतो. अंध व्यक्तींसाठी फाटकापासून स्वागतकक्षापर्यंत उभ्या पट्ट्यांच्या मार्गदर्शक फरश्या आणि पायरी किंवा उतार सुरू होण्याआधी ठिपक्यांच्या इशारा फरश्या बसवाव्यात. या फरश्यांचा भडिमार करू नये. सगळीकडे उंचवटे झाले की खुर्चीत बसलेल्याची पाठ खिळखिळी होते आणि अंध माणसाचा गोंधळ उडतो. इमारतीच्या आत ओसरीला शहाबादी आणि खोल्यांना कोबा असा साधा बदलही पायाला आणि काठीला वाट सांगतो. फाटकाशी मोगरा किंवा पारिजातक लावला तर वासानेही खूण पटते. कण्हेर मात्र लावू नये, कारण ती विषारी आहे आणि मुले पाने तोंडात घालतात.

सभागृहात आवाज घुमू नये याकडे लक्ष द्यावे. श्रवणयंत्र वापरणाऱ्याला घुमणारा आवाज म्हणजे निव्वळ कालवा असतो आणि स्वमग्न मुलांना तो असह्य होतो. बांबूच्या चटया, गोणपाट आणि नारळाच्या काथ्याचे फलक छताला आणि मागच्या भिंतीला लावले तर स्वस्तात काम होते, फक्त ते आग रोखणाऱ्या द्रावणाने प्रक्रिया केलेले असावेत. धोक्याच्या घंटेबरोबर लुकलुकणारा दिवा प्रत्येक खोलीत आणि स्वच्छतागृहातही हवा. वरचा मजला असेल तर आगीच्या वेळी लिफ्ट बंद ठेवावी लागते, त्यामुळे जिन्याशेजारी खुर्चीसह थांबता येईल अशी धुरापासून सुरक्षित जागा ठेवावी. जमीन पुरेशी असेल तर माझा सल्ला एकमजली इमारतीचाच राहील. जमीन कमी असेल तर वर केवळ अभिलेख आणि गच्ची ठेवून लिफ्टचा खर्च टाळू नये, कारण संस्थेची कार्यकारिणी एक ना एक दिवस वरच बैठका घेऊ लागते.

पाणी आणि वीज

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी मिळते. ४०० चौरस मीटर छत आणि वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस असेल, तर वाया जाणारा पाचवा हिस्सा वगळून सुमारे २,२४,००० लिटर पाणी हाती येते. पहिल्या सरींचे पाणी सोडून द्यावे, नंतरचे गाळणीतून टाकीत आणि उरलेले विंधन विहिरीच्या पुनर्भरणाला द्यावे. अंघोळीचे आणि हात धुण्याचे पाणी कर्दळीच्या वाफ्यातून शुद्ध करून बागेला देता येते. हे वाफे आणि पावसाळी चर वाटेपासून दूर ठेवावेत किंवा त्यांना काठीला लागेल असा चार इंचांचा कडा द्यावा. पाणी मुरावे म्हणून फटी ठेवून बसवलेले ठोकळे वाहनतळात चालतील, चालण्याच्या वाटेवर चालणार नाहीत, कारण त्या फटींत चाके अडखळतात.

छतावरच्या सौर ऊर्जेचा ढोबळ हिशोब असा की एक किलोवॉटला सुमारे दहा चौरस मीटर सावलीविरहित जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट वीज मिळते. महावितरणच्या जाळ्याला जोडलेला साधा संच वीज गेली की बंद पडतो, हे पुष्कळांना बसवल्यावर कळते. विजेवरच्या खुर्च्यांचे चार्जिंग, लिफ्ट, श्वसनाला मदत करणारी यंत्रे आणि स्वच्छतागृहातले दिवे यांच्यासाठी बॅटरीसह वेगळी जोडणी मागून घ्यावी.

ठेकेदार आणि देखरेख

नकाशा मिलिमीटरमध्ये असतो आणि गवंडी फूट-इंचांत काम करतो. म्हणून महत्त्वाच्या पंधरा-वीस मापांचा फुटांतला तक्ता मराठीत छापून बांधकामाच्या जागी लावावा. प्रत्येक मापापुढे तयार माप असे लिहावे. स्वच्छतागृहाच्या २००० मिलिमीटरमधून दोन्हीकडचा गिलावा आणि भिंतीची फरशी वजा झाली की ८०-१०० मिलिमीटर जातात आणि खुर्ची वळेनाशी होते. खोली आणि ओसरी यांच्या फरश्यांची जाडी वेगळी असेल तर दारात कडा उभा राहतो, म्हणून स्लॅब किंवा कोब्याची पातळी फरशी निवडल्यानंतरच ठरवावी.

ठेकेदाराचे हप्ते तपासणीशी जोडावेत. आखणीनंतर, जोते झाल्यावर, चौकटी बसवण्यापूर्वी, विजेचे पाइप टाकताना आणि फरशी घालण्यापूर्वी अशा पाच वेळा समितीने जागेवर यावे आणि सदस्यांच्या सहीशिवाय पुढचा हप्ता निघू नये, अशी अट करारात घालावी. पहिले एक स्वच्छतागृह पूर्ण तयार करून घ्यावे, त्यात समितीने प्रत्यक्ष वापर करून पाहावा आणि मगच उरलेल्यांचे काम सुरू करू द्यावे. ठेकेदार सुरुवातीला कुरकुरतो, परंतु तोडफोड वाचते हे कळल्यावर तोच पुढच्या टप्प्याला समितीला बोलावतो.

इमारत वापरात आल्यावर सुगमता झिजू लागते. उताराच्या पायथ्याशी मोटारसायकली उभ्या राहतात, सुगम स्वच्छतागृहात झाडू आणि फिनाइलचे डबे ठेवले जातात, इशारा फरश्यांवर कुंड्या येतात, सौर पटलांवर धूळ साचते आणि लिफ्टचा वार्षिक देखभाल करार संपलेला असतो. वर्षातून दोनदा, एकदा मे महिन्याच्या दुपारी आणि एकदा जुलैच्या पावसात, समितीने फाटकापासून शेवटच्या खोलीपर्यंत फेरी मारावी आणि आढळलेल्या प्रत्येक दोषापुढे तो दुरुस्त करणाऱ्याचे नाव आणि तारीख लिहून तो कागद स्वागतकक्षात, बसलेल्या माणसाला वाचता येईल अशा उंचीवर लावावा.